भर पंगतीतला सल्ला बंद करा

जाड माणसाला सल्ला द्यायला पदवी लागत नाही. ‘तोंडावर ताबा ठेव’ हे मावशीपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही चारचौघांत ऐकवतं. हे थांबलं पाहिजे. ते निर्दय आहे आणि चुकीच्या समजुतीवर उभं आहे.

1986 साली अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधल्या 540 दत्तक व्यक्तींची मोठेपणीची शरीरयष्टी तपासली. ती जुळली जन्मदात्या आईवडिलांशी. ज्यांच्या घरी जेवून ही मुलं वाढली, त्यांच्याशी नाही. 2007 मध्ये एफटीओ जनुकातला एक बदल सापडला. तो आई आणि वडील दोघांकडून आलेल्यांचं वजन, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. आता असे शेकडो बदल माहीत आहेत. एकेकाचा वाटा चिमूटभर, पण त्यांतले बरेचसे मेंदूत काम करतात. भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं, यावर त्यांचा प्रभाव असतो. ज्याला भूकच कमी लागते, त्याने संयमाची फुशारकी मारू नये.

मग सगळं नशिबावर सोडायचं? मुळीच नाही. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून 2011 मध्ये दिसलं, की हालतं-फिरतं राहणाऱ्यांत एफटीओमुळे वाढणारा लठ्ठपणाचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो. शिवाय दोन पिढ्यांत जनुकं बदललेली नाहीत. बदललं ते आपलं खाणं, बसणं आणि शहरं.

बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना जवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅम हलकी आढळली. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. याचं मूळ आईच्या पोषणातही आहे. पुढे 2009 मध्ये भारतीयांमध्ये एफटीओचा मधुमेहाशी संबंध त्यांच्या गटाने दाखवला, आणि तो सगळा वजनातून आलेला नव्हता. म्हणजे काटा कमी दाखवतो म्हणून साखर तपासायची नाही, हे आपल्याला परवडणारं नाही.

डॉक्टरांनी वजनाबरोबर कमरेचा घेर मोजावा आणि घराण्यातला मधुमेह विचारावा. महापालिकांनी चालण्याजोगे पदपथ आणि मुलांना मैदानं द्यावीत. नातेवाइकांनी दुसऱ्याच्या ताटातल्या पोळ्या मोजणं सोडावं. लाजवून कुणाचं जनुक बदलत नाही. लाजलेला माणूस दवाखान्यात जायचं तेवढं टाळतो.