आमचे तलाठी

इंग्लंडात भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारी जमीन अजून 'रॉड'मध्ये मोजतात. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, आम्हाला निम्मा मिळाला. चार रॉड म्हणजे बरोब्बर एक गुंठा, हा शोध लागल्या रात्री मी साताऱ्याला फोन लावला. "दादा, सव्वा गुंठा घेतला!"

"सातबारा कुणाच्या नावावर?" दादांनी विचारलं.

सातबारा नाही, पण तलाठी आहेत. म्हणजे प्लॉटधारकांचे सेक्रेटरी. हे नाव आमच्या हिचं. त्यांना ते माहीत नाही.

वय सत्तरीपुढे, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणि हातात दोन फुटी काठी. काठी आधारासाठी नाही. दोन प्लॉटांमधली पायवाट दोन फूट हवी, ती मोजायला. दर बुधवारी पाहणी. "माझं काही म्हणणं नाही," अशी सुरुवात झाली की समजावं, पुढची वीस मिनिटं त्यांचंच म्हणणं ऐकायचं आहे. शेडची उंची, शेजाऱ्याच्या प्लॉटात डोकावणारी रास्पबेरी, तण दाबायला टाकलेला जुना गालिचा (गालिच्यावर त्यांचा विशेष राग), सगळं वहीत जातं. तण वाढलं तर खुंटीला प्लास्टिकमध्ये घातलेली नोटीस: २८ दिवस. पुढे १९०८चा कायदा. नियम मोडणाऱ्याचा प्लॉट महिन्याच्या नोटिशीवर काढून घेता येतो, हे ते रामरक्षेसारखं घडाघडा म्हणतात.

आम्हाला नोटीस आली ती चाकवतावरून. इथे चाकवत म्हणजे तण. कुणी पेरत नाही, आपोआप उगवतो आणि त्याला म्हणतात 'फॅट हेन', लठ्ठ कोंबडी. प्लॉटवर कोंबड्या पाळायला १९५०च्या कायद्याने मुभा आहे, या कोंबडीला नाही.

"हे तण नाही, आमची भाजी आहे," मी म्हटलं.

"माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले, "पण तण काढायचा कंटाळा आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो."

मग हिने डबाच नेला. ताकातला चाकवत, वर लसणाची फोडणी. तलाठ्यांनी शेडच्या पायरीवर बसून पावाबरोबर तो शांतपणे संपवला, डब्याची कड बोटाने पुसली आणि वही काढली. १९२२च्या कायद्यात प्लॉटची व्याख्या आहे: प्रामुख्याने स्वतःच्या कुटुंबाला खाण्यासाठी भाजी किंवा फळं पिकवण्याची जागा. कुटुंब खातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नोटीस मागे घेतली. एक अट घातली.

"ओळीत लावा. पिकाला ओळ असते, तणाला नसते."

तेव्हापासून आमचा चाकवत दोरी धरून उगवतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा प्लॉट म्हणजे लीकच्या ओळी अशा की इस्त्री केल्यासारख्या. सहा आठवड्यांत तिथे हरळीसारखं चिवट गवत माजलं. एका बुधवारी पाहतो तर त्यांच्याच खुंटीला नोटीस. २८ दिवस. अक्षरही त्यांचंच. कुबड्यांवर येऊन स्वतःच लावून गेले होते.

रविवारी आम्ही पाचसहा जण खुरपी घेऊन उतरलो. दुपारी कुणीतरी चहाडी केली असावी, कारण माझा फोन वाजला. दुसऱ्याच्या प्लॉटात लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा कितव्या कलमाचा भंग आहे, हे त्यांनी मला सविस्तर ऐकवलं. मी निमूट ऐकलं. हात चालूच होते.

मग पलीकडे जरा शांतता. घसा खाकरल्याचा आवाज.

"माझं काही म्हणणं नाही," तलाठी म्हणाले, "पण कुंपणाकडे ती लठ्ठ कोंबडी आहे ना, ती उपटू नका. नीट बघा. ओळीत आहे."