पत्र्याखालचा स्टुडिओ

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या सापगावात हल्ली गाणाऱ्यांपेक्षा सॉफ्टवेअरचे जाणकार जास्त झालेत. गाणं कुठलं करायचं ते ठरलेलं नसतं, पण ते एफएल स्टुडिओत करायचं की क्युबेसमध्ये, यावर भातसा नदीच्या काठावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. हळदीचा एखादा रिमिक्स गाजला की गावात चार म्युझिक प्रोड्युसर जन्माला येतात. चौघांच्याही इन्स्टाग्रामवर ‘स्टुडिओ’ असतो. म्हणजे पत्र्याची खोली, हप्त्यावरचा कॉम्प्युटर आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. त्या ट्रेंनी आवाज अडत नाही, पण फोटो चांगला येतो.

पहिला मान एफएल स्टुडिओचा. बेल्जियमच्या इमेज-लाइनचं हे 1997 सालचं अपत्य, तेव्हाचं नाव फ्रूटीलूप्स. एकदा विकत घेतलं की पुढचे सगळे अपडेट आयुष्यभर फुकट, हा कंपनीचा शब्द. आमची पोरं त्याची क्रॅक प्रत टेलिग्रामवरून उतरवतात आणि वर एकमेकांना बजावतात, “अपडेट मारू नको हां, क्रॅक उडंल.” आयुष्यभराचे अपडेट फुकट देणाऱ्याची वस्तू चोरायची आणि मग ती आयुष्यभर जुनीच वापरायची, याला अक्कल लागते. भातसा नि तानसाचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं, आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईकडून परतफेड म्हणून काय येतं, तर क्रॅकची लिंक.

एखादा पापभीरू निघतोच. तो चोरी करत नाही, ट्रायल घेतो. चार रात्री जागून गाणं बांधतो, सेव्ह करतो, लाइट जाते. लाइट आल्यावर कळतं की ट्रायलमध्ये गाणं सेव्ह होतं, पण पैसे भरल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. मग सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशन घ्यायचं ठरतं. त्यात बीट बनतात, पण माइकवरून आवाज रेकॉर्ड करायची सोयच नाही. गायचं असेल तर वरची प्रोड्युसर एडिशन. हे खरेदीच्या आधी वाचायचं असतं, पण वाचण्याचं खातं आपल्याकडे कायमच दुसऱ्याकडे असतं.

दुसरा पंथ क्युबेसवाल्यांचा. मुंबईच्या मोठ्या स्टुडिओंत क्युबेस, न्यूएन्डो, प्रो टूल्स असतं, म्हणून आम्हालाही तेच हवं. “अजय-अतुल काय वापरतात?” हा यांचा लाडका प्रश्न. बाबांनो, 2016 सालच्या ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वाद्यवृंद बसवला होता. तो कुठल्याच सॉफ्टवेअरच्या मेन्यूत सापडत नाही. उलटं उदाहरण फार लांबचं नाही, आसनगावला लोकल पकडली की त्याच लाइनीवर कुर्ला लागतं. तिथल्या नेझी या रॅपरनं 2014 साली ‘आफत’ हे गाणं केलं ते आयपॅडवर. त्या वेळी तो सॉफ्टवेअरची तुलना करत बसला असता, तर आज ‘गल्ली बॉय’ वेगळ्याच कुणावर बेतावा लागला असता.

लॉजिक प्रोचं एका वाक्यात आटपतो: उत्तम आहे, फक्त ॲपलच्याच यंत्रांवर चालतं, पुढे बोलू नका.

ऑडेसिटी वापरतो असं गावात कुणी कबूल करत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे इज्जत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं, 2000 सालापासून लोकांच्या हाती असलेलं हे सॉफ्टवेअर बिचारं गुपचूप सगळ्यांचं काम करतं. अख्खं हळदीचं गाणं त्यात बांधता येणार नाही, हे खरं. पण काप-जोड आणि साफसफाई त्यानंच करावी. नुसत्या खरखरीचा दोन सेकंदांचा तुकडा निवडून दाखवायचा, मग तेवढीच खरखर ते सगळीकडून काढतं. पंख्याची घरघर जाते, कारण ती एकसुरी असते. पत्र्यावरचा आषाढी पाऊस जात नाही. तो काढायला गेलं की गाणारा विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं. तरी आमचे प्रोड्युसर रेकॉर्डिंगला मुहूर्त काढतात तो जुलैतला, कारण लग्नसराई संपलेली असते.

खरी गंमत बघायची तर भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग बघावं. बुवांच्या कानाला हेडफोन लावतात, त्यात क्लिक वाजते. भजनी ठेका सुरू होतो संथ, दुसऱ्या कडव्याला लय चढते, टाळ गरम होतात. क्लिक मात्र सरकारी गतीनं टिकटिकत असते. “बुवा, क्लिक सोडू नका.” “अरे, पखवाजाकडं बघू का तुझ्या घड्याळाकडं?” शिवाय बफर 1024 सॅम्पलवर ठेवलेला, म्हणजे बुवांना स्वतःचाच आवाज जाता-येता मिळून चाळीसहून जास्त मिलिसेकंद उशिरा येतो, ड्रायव्हरचा उशीर वेगळा. ऑडिओ इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं की हा आजार जातो. ते बटण दाबायला कुठल्याच सॉफ्टवेअरची गरज नाही, म्हणूनच ते कुणाला माहीत नाही.

मग बेसूर गळा सुरात आणणारं ऑटो-ट्यून. हे काढणारा अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधायच्या कामातला, भूकंपलहरींचं गणित मांडणारा माणूस. 1997 मध्ये त्यानं ते गणित गळ्याला लावलं. आमच्या पोरानं ते बुवांना लावलं. पेटी कुठल्या पट्टीत हे विचारलं नाही, पडद्यावर सी मेजर होतं ते तसंच ठेवलं. शेवटची भैरवी. तिचे कोमल रे, ग, ध, नी एकेक करून शेजारच्या शुद्ध घरात ढकलले गेले. बुवांनी ऐकलं आणि विचारलं, “हे कोण गातंय?”

शेवटी आवाज इतका फुगवायचा की स्पीकरनं हात जोडावेत. व्यर्थ मेहनत. यूट्यूब असली गाणी स्वतःच उणे 14 एलयूएफएस या आवाजाच्या मापाच्या आसपास खाली आणतं. तुम्ही फाडलेला आवाज मात्र फाटलेलाच राहतो.

निकाल विचाराल तर रीपर घ्या. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. साठ दिवस फुकट, त्यानंतरही बंद पडत नाही, फक्त उघडताना पैशांची आठवण करतं. आमच्या नाक्यावरचा वाणीसुद्धा उधारी इतकी गोड मागत नाही. घरगुती परवाना 60 डॉलर. एवढे पैसे भरा आणि चोरीचं प्रकरण मिटवा. अंड्यांचे ट्रे उतरवून तिथे दोन जाड गोधड्या टांगा.

आणि एक काम एवढ्यातच करा. आपल्या ठाणे जिल्ह्यात लग्नाला धवले म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आता मोजक्याच उरल्यात. हळदीला डीजे आल्यापासून त्यांना कोपऱ्यात खुर्ची मिळते, माइक मिळत नाही. महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले. ते आज आपल्या हाती आहेत, कारण कुणीतरी ते उतरवून ठेवले. तेव्हा या तुळशीच्या लग्नाआधी एका आजीकडे जा. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, क्लिक लावू नका आणि तिचं म्हणून होईपर्यंत मधे बोलू नका.