पैसेवारी वरठीच्या खिडकीवर

पाऊस मोजायला शासनाने मंडळागणिक पर्जन्यमापक बसवले. पैसे फुकट घातले. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरची तिकीट खिडकी तेवढी मोजायची होती. धान पिकलं की खिडकीवर लग्नाचे वऱ्हाडी दिसतात. धान गेलं की तांदळाचं चुंगडं, तवा आणि कडेवरचं लेकरू घेऊन अख्खं बिऱ्हाड नागपूर गाठतं. काही थेट तेलंगणात, मिरची तोडायला.

तसं पाण्याला भंडाऱ्यात काय तोटा? तलावांचा जिल्हा आमचा. वर वैनगंगा, आणि पवनीजवळ गोसीखुर्द धरण. 1988 साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा 372 कोटींत काम होणार होतं. 2009 मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला, खर्च हजारो कोटींत गेला. पाण्यापेक्षा आकडा लवकर चढला.

निसर्गही कमालीचा कर्तव्यदक्ष. जूनमध्ये पऱ्हे टाकले की पाऊस रजेवर जातो; पऱ्हे पिवळे पडतात, रोवणी लांबते. कशीबशी रोवणी आटोपली की ऑगस्ट 2020 सारखा पूर येतो. तेव्हा मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि बांध्या, धुरे, घरं सगळं एक झालं. त्यातून वाचलेल्या धानावर तुडतुडा बसतो. तोही चुकला तर कापून ठेवलेल्या कडपांवर अवकाळी.

यावर शासनाचा उतारा म्हणजे पैसेवारी: नेहमीचं पीक रुपयाचं धरलं तर यंदाचं किती पैशांचं, याचा अंदाज. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम; विदर्भात अंतिमचा मुहूर्त 31 डिसेंबर. 50 पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, एक पैसा वर गेली तर आबादीआबाद. ती जाहीर होते तेव्हा ज्याच्यासाठी काढली तो माणूस परमुलखात पोचलेला असतो. गावात उरतात म्हातारी माणसं, आणि पंचनाम्यावर अंगठा द्यायला तीच कामी येतात.

राहिला धानाचा बोनस. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात हेक्टरी 20,000 रुपये जाहीर झाले, दोन हेक्टरांपर्यंत. उत्तम! पण दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या नावावर सातबाराच नाही. तिचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ते झालेलंच नाही.

तेव्हा साहेब, एकच अर्ज. यंदा पाहणीला यायचं तर रोवणी अडलेली असतानाच या, आणि सातबारा नसलेल्यांचीही नावं लिहून घ्या. डिसेंबरात आलात तर दाराला कुलूप असेल.