दोन भोवऱ्यांचा धनी

मराठी घरात मूल जन्मलं की त्याचं नाक कुणाच्या वळणावर गेलंय हा वाद बारशापर्यंत सहज पुरतो. डोक्यावरच्या भोवऱ्यांची मोजणी मात्र जावळापर्यंत तहकूब असते. माझं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढलं. वस्तरा फिरून झाला, डोकं पुसून झालं, आजीने स्वस्तिक काढायला गंधाचं बोट पुढे केलं आणि ते हवेतच थांबलं. "अगं बाई, याला दोन आहेत!"

दोन भोवरे म्हणजे दोन बायका, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला तेव्हा दात चार होते आणि बायका दोन. आई हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी म्हणे त्याच आठवड्यात पोस्टात रिकरिंग उघडलं. हे सगळं मला अर्थात ऐकूनच माहीत, पण आमच्या घरात ते इतक्यांदा सांगितलं गेलंय की गंधाचा वासही आठवतो असं मी आता बेधडक सांगतो.

मुळात केस डोक्यातून सरळ वर येत नाही, तिरका येतो. त्याचं मूळ कातडीत ज्या बाजूला कललेलं असेल, त्या बाजूला तो आयुष्यभर पडतो. ही मुळं कलतात ती गर्भाच्या साधारण दहाव्या ते सोळाव्या आठवड्यात. आत मेंदू वाढत असतो, वरची कातडी ताणली जात असते, त्या ओढाताणीत केसांच्या दिशा ठरतात आणि सगळ्या दिशा जिथून फिरायला लागतात तिथे भोवरा पडतो. म्हणजे आई चिंचा-आवळे शोधत होती तेव्हाच माझ्या माथ्याचा आराखडा मंजूर होऊन गेला होता. बहुतेकांना भोवरा एकच असतो आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. शंभरात साधारण पाच जणांना दोन असतात. माझा उजवा काट्यांच्या दिशेने फिरतो आणि डावा त्याच्या उलट. दोघांच्या मधल्या पट्टीतल्या केसांना दोन्हीकडून रेटा, त्यामुळे पडायला जागा नाही. ते उभे राहतात. बसायला जागा नसेल तर दुसरं करणार काय!

या उभ्या केसांची पहिली झळ लागली ती आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून ते मला वर बसवत, गळ्याभोवती पांढरं कापड आवळत आणि पाण्याचा फवारा मारत. ओले असेपर्यंत माझे केस अत्यंत सालस. कंगवा नेईल तिकडे जातात, चापून बसतात, मोठ्यांचं ऐकतात. काका खूश होऊन कात्री चालवत. वाळायला लागले की मधला एक झुपका हळूच डोकं वर काढी. काका तेवढाच छाटत. छाटला की वजन कमी होऊन तो आणखी ताठ. पुन्हा फवारा, पुन्हा कात्री. बाकावर पेपर वाचणारी मंडळी पेपर खाली ठेवून बघायला लागत आणि सल्ले सुरू होत. "डावीकडून घ्या." "झिरो मारा सरळ." काकांना कामात ढवळाढवळ खपत नसे, पण माझ्या डोक्यापुरतं त्यांनी लोकमत विचारात घेतलं. शेवटी मागे छोटा आरसा धरून ते विचारत, "ठीक?" त्या दोन सेकंदांत माणसाला आपला माथा दिसतो तेवढाच, तेवढ्यात कुणी "नाही" म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पैसे देताना ते आईला खिन्नपणे सांगत, "वहिनी, याच्या केसांना वळणच नाही." आईला तो आमच्या घरच्या संस्कारांवर ठपका वाटे. घरी आल्यावर मला पाढे म्हणावे लागत.

शाळेत खोबरेल तेलाचा प्रयोग झाला. थंडीत गोठलेलं तेल आई बोटाने थापायची, त्याखाली झुपका दबून राहायचा. मग प्रार्थनेला मैदानात ऊन लागे, तेल वितळून कानामागे ओघळे आणि राष्ट्रगीताची पहिली ओळ सुरू व्हायच्या आत वर्गाच्या अर्धा मिनिट आधी माझा झुपका सावधान स्थितीत. पीटीच्या सरांना ते देशप्रेम कधी पटलं नाही. दहावीच्या हॉलतिकिटापासून आधार कार्डापर्यंत माझ्या एकाही फोटोत तो गैरहजर नाही. फोटोग्राफर बोटाला पाणी लावून दाबतो, मागे सरतो, "स्माइल" म्हणतो, तेवढा अवधी त्याला पुरतो.

खरा पेच पडला मुंजीत. शेंडी भोवऱ्यावर ठेवायची असा दंडक. त्यामागे जुना आधारही आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातली 107 मर्मं सांगितली आहेत, त्यांतल्या माथ्यावरच्या मर्माचं नाव 'अधिपती' आणि त्याची वरून दिसणारी खूण 'रोमावर्त', म्हणजे हाच आपला भोवरा. आता अधिपती एकच असायचा. माझ्या माथ्यावर आघाडी सरकार. गुरुजी म्हणाले, उजवा धरा, उजवं शुभ. काकू म्हणाली, डावा मोठा दिसतोय. न्हावी वस्तरा धरून उभा, मुहूर्त जवळ येतोय, मातृभोजनाची ताटं वाढून झालेली. शेवटी गुरुजींनी तोड काढली, "मधोमध ठेवा." मधोमध म्हणजे नेमकी ती पट्टी! मुंजीच्या अल्बममध्ये मी आईच्या हातून घास घेतोय आणि शेंडी मांडवाच्या छताकडे बोट करून काहीतरी दाखवतेय.

माणसांनी एवढ्यावर भागवलं. जनावरांचं याहून कडक असतं. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. तिथे जाणकार गिऱ्हाईक दात आणि चाल बघतंच, पण भोवऱ्यांचीही कसून पाहणी करतं. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा असला तर मालकाची मान ताठ; नको त्या जागी भोवरा निघाला तर धडधाकट घोड्याचाही भाव पडतो. हे निव्वळ खुळ म्हणावं, तर टेम्पल ग्रँडिन या अमेरिकी प्राणितज्ज्ञ बाईंनी 1995 साली गुरांच्या कपाळावरचे भोवरे तपासून सांगितलं की डोळ्यांच्या वर भोवरा असलेली गुरं बांधून ठेवताना जास्त बिथरतात. ते गुरांचं. माणसांचं मात्र डाव्या-उजव्या हाताशी नातं जोडून झालं आहे. अमर क्लार नावाच्या शास्त्रज्ञाने 2003 मध्ये लोकांची डोकी मागून बघून मांडलं, की उजखोरे नसलेल्यांत उलट्या भोवऱ्याचं प्रमाण बरंच जास्त. नंतरच्या काही संशोधकांना तसं काही सापडलं नाही. आणि 2024 मध्ये शरीररचनेचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, भोवऱ्यालाच मिळालं. फ्रान्समधल्या आणि चिलीमधल्या मुलांची डोकी पाहण्यात आली. दोन्हीकडे सुलटे भोवरेच जास्त, पण दक्षिण गोलार्धात उलट्यांचा वाटा थोडा वाढतो, असं निघालं. माझ्या डोक्यावर दोन्ही गोलार्ध आहेत, पण मला कुणी बोलावलं नाही.

माझी तपासणी झाली ती सारंगखेड्याच्या पद्धतीने. मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, पगार विचारून झाला. मुलीच्या आजी पाणी द्यायच्या निमित्ताने माझ्या मागून गेल्या आणि पाणी विसरून तिथेच उभ्या राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी हलक्या आवाजात, म्हणजे बाहेर स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात, सांगितलं, "मुलगा चांगला आहे. पण दोन आहेत."

मुलीच्या वडिलांना वाटलं, फ्लॅट. त्यांचा चेहरा जो उजळला, तो खुलासा झाल्यावर विझलेला मी समोरून पाहिला. आमच्याकडून बोलणी करायला आलेल्या आत्याने बाजू सावरली, "त्यात काय, आधी रुईच्या झाडाशी लग्न लावून टाकू." यावर त्यांच्याकडचे एक जाणते काका म्हणाले, "रुई तिसऱ्या लग्नाच्या दोषाला असते. यांचं अजून पहिलंच जमेना." चर्चा शास्त्राकडे वळली. दोन लग्नांत पहिलीचं काय होतं, या मुद्द्यावर सगळे एकदम गप्प झाले, कारण ती पहिली समोर बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "आधी नोंदणी करू, मग हॉलवर. झाली दोन. दोन्हींत नवरी मीच." तीस दिवसांची नोटीस लागली, विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या, पुढच्या आठवड्यात अंतरपाट धरला. आजींनी दोन्ही ठिकाणी अक्षता नेल्या होत्या. त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

ही माझी गोष्ट. थट्टेत गेली, कारण मी मुलगा. माझ्या मामेबहिणीलाही दोनच भोवरे. पण मुलाला दोन बायका हे कौतुक आणि मुलीला दोन नवरे हा अपशकुन! त्यामुळे तिचा भांग मामी रोज सकाळी असा काही फिरवायची की दुसरा भोवरा वेणीखाली गाडला जावा. केस पडत्या दिशेच्या उलटे ओढून ओढून तिचं डोकं ठणकायचं. "घट्ट आहे गं" म्हटलं की धपाटा. तिने कॉलेजात गेल्यावर बॉयकट केला तेव्हा मामी चार दिवस बोलली नव्हती. या प्रकरणात मला विनोद सापडत नाही, म्हणून इथेच थांबतो.

एका गणिताच्या प्राध्यापक मित्राने मला धीर दिला. म्हणाला, केसाळ चेंडू घेतला आणि त्यावरचे सगळे केस सपाट विंचरायचे ठरवले, तर कुठेतरी एक जागा राहतेच जिथे ते बसत नाहीत. 1912 साली ब्राउवर नावाच्या डच गणितज्ञाने त्याची सिद्धता दिली आहे. मी भारावून गेलो. मग तोच म्हणाला, "अर्थात डोकं म्हणजे पूर्ण केसाळ चेंडू नाही, चेहऱ्याच्या बाजूने मोकळं असतं. त्यामुळे तुला हा सिद्धान्त तंतोतंत लागू नाही." गणितवाल्यांकडे सांत्वनाला जाऊ नये.

खरा उलगडा केला तो इकडे पुण्यात, एका वातानुकूलित सलूनमधल्या पोराने. वय बावीस-तेवीस, हातावर गोंदण. त्याने फवारा मारलाच नाही. कोरड्या केसांत बोटं घालून माथा दोनदा चाचपला आणि म्हणाला, "सर, डबल आहे. कोणी सांगितलं नाही का?" सांगणारे खूप होते बाबा, कापणारे नव्हते. मग त्याने एकेक उलगडून सांगितलं. ओल्या केसांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण ओला केस खोटं बोलतो. भांग भोवरा नेईल तिकडेच पाडायचा. माथ्यावर दातेरी कात्रीने केस विरळ करायचे नाहीत, कारण तुटके बुंधे लांब केसांना खालून टेकू देतात. धुतल्यावर केस मुळाशी ओले असतानाच ड्रायर घ्यायचा आणि कंगव्याने एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत वाळवायचे. पाण्याने केसांतले काही बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत ते पुन्हा जुळतात. पुढच्या अंघोळीपर्यंत टिकतं. लांबीचं म्हणाल तर एक तर अगदी बारीक ठेवा, नाहीतर चार बोटं वाढू द्या, म्हणजे केस आपल्याच वजनाने खाली येतो. मधली लांबी वैरी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. चार बोटांना सहा-सात महिने. तेवढे महिने ऑफिसात "झोपेतून उठून आलात का?" हे ऐकून घ्यायचं.

ऐकून घेतलं, वाढवले, बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझा माथा आरशात सपाट दिसला आणि बायको म्हणाली, "कोणीतरी दुसराच वाटतोस." आमच्या घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघतो तो असा.

आता नवीनच अडचण आहे. पुरुषांचं टक्कल अनेकदा भोवऱ्यापाशी सुरू होतं आणि माझ्याकडे दोन मोर्चे उघडले गेले आहेत. त्याच सुमारास, ड्रायर चुकलेल्या एका सकाळी, पुतण्या येऊन विचारतो, "काका, तो मधला स्पाइक कुठल्या वॅक्सने उभा करतोस?" त्याच्या वयाची पोरं शे-दोनशे रुपये मोजून माथ्यावर झुपका उभा करून घेतात आणि पावसाची सर आली की रडकुंडीला येतात. माझा पावसाने झोपतो आणि ऊन पडलं की आपोआप उठतो, तेही फुकटात. पण हे त्याला सांगून उपयोग नाही, त्याला एकच भोवरा आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या मुहूर्तांवर जावळ आहे त्यांना एवढीच विनंती. दोन भोवरे निघाले तर आजीला हळू बोलायला सांगा, पत्रिकेच्या मागे टिपून ठेवू नका. मुलगा असो की मुलगी, सलूनच्या फळीवर पहिल्यांदा बसवाल तेव्हा न्हाव्याला मात्र आठवणीने सांगा आणि तेही फवारा मारायच्या आधी.