येथे गोष्टी दुरुस्त करून मिळतील

काही माणसांना दुसऱ्याच्या घरातलं भांडण मिटवल्याशिवाय जेवण जात नाही. काहींना दुसऱ्याच्या गोष्टीतलं. आमच्या कुरुंदवाडचे आण्णा या दुसऱ्या जातीतले. नाटक असो, सिनेमा असो, कादंबरी असो नाहीतर देवळातलं कीर्तन. ते संपलं की बाकीचे लोक चपला शोधायला लागतात आणि आण्णा मान हलवतात. "चुकलं," म्हणतात. काय चुकलं ते विचारायची सोय नाही. विचारलं की आण्णा सांगतात, आणि मग तुमची शेवटची एस्टी जाते.

आण्णा हे एका माणसाचं नाव समजू नका. ही जमात गावोगाव आहे. वाचनालयातल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं 'लेखकाने असे करायला नको होते' लिहून ठेवणारे हेच. तमाशातला राजा चुकीच्या प्रधानावर विश्वास ठेवतोय म्हटल्यावर प्रेक्षकांतून त्याला सावध करणारे हेच. बहुतेकांचं समाधान तेवढ्यावर होतं. त्यातला हजारात एखादाच घरी जाऊन वही उघडतो आणि चुकलेलं नीट करून लिहून काढतो. आमचे आण्णा त्या हजारातले एक.

आण्णा साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून होते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ उसाचं वजन, असे आकडे लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. त्यामुळे गोष्टीची पारखही ते काट्यावरच करतात. एखादी मालिका आवडली नाही की म्हणतात, "गाडी लई मोठी आलती. रिकामं वजन वजा केलं, तर ऊस कुठाय?"

पण खरी गंमत अशी की, ज्या मालिकेत ऊसच नाही तिच्या वाटेला आण्णा जात नाहीत. दोन दिवस बघतात आणि रिमोट नातवाच्या हातात देतात. ते वही उघडतात ती मनापासून आवडलेल्या गोष्टीसाठी. नावडतं ते माणूस बंद करतो. आवडतं त्याच्यात नाक खुपसतो. हे एवढं कळलं की आण्णा निम्मे कळले.

त्यांची मोठी कामगिरी म्हणजे राणादा. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झाली. लाजरा पैलवान राणा, शिकलेल्या अंजलीबाई, चित्रीकरण आपल्या कोल्हापूरशेजारच्या वसगड्यात. मग काय विचारता! माणसं कुलदैवताला गेल्यासारखी वसगड्याचा वाडा बघून आली. आण्णाही गेले. बाकीच्यांनी वाड्यासमोर फोटो काढले. आण्णांनी तिथं चहा वाटणाऱ्या पोराला बाजूला घेऊन सांगितलं, "लिवणाऱ्या सायबास्नी आमचा निरोप दे. अंजलीबाईंची बदली कुरुंदवाडला करा म्हणावं. हितनं सगळं सोपं जातंय."

निरोप पोचला नसावा, कारण बदली झाली नाही. आण्णांनी घरी येऊन दुरेघी फुलस्केप वही काढली आणि बदली स्वतः केली.

तिथून पुढं दोन मालिका सुरू झाल्या. एक टीव्हीवर आणि एक वहीत. टीव्हीवर नंदितावहिनी कारस्थानं करायच्या. वहीत त्या तिसऱ्या प्रकरणापर्यंत सुधारायच्या, आणि पाचव्यात अंजलीबाईंना वांग्याची भाजी शिकवायच्या, तीही कृष्णाकाठच्या वांग्यांची. टीव्हीवाल्यांनी राणादाला मारलं आणि त्याच्याच चेहऱ्याचा राजा राजगोंडा नव्या थाटात आणून उभा केला, तेव्हा गल्लीत सुतक होतं. आण्णांच्या वहीत मात्र राणादा ठणठणीत होता. कारण आण्णांच्या वहीचा पहिला नियम, हितं कोण मरत नाही.

दुसरा नियम, प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कुरुंदवाडला येते. माणूस कुठल्याही युगातला असो, आण्णा त्याला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आणतात, नरसोबाच्या वाडीत दत्ताचं दर्शन घडवतात, कवठाची बर्फी बांधून देतात. संताजी घोरपड्यांची समाधी आमच्या घाटावर आहे. तिथून येता-जाता आण्णांच्या जिवाला एकच घोर, संताजी-धनाजींचं बिनसलं कसं? म्हणून वहीत त्यांनी दोघांना एका पंक्तीला बसवून बासुंदी वाढली. त्या काळात वाडीत बासुंदी मिळायची का, असं एका शाळकरी पोरानं विचारलं. आण्णा म्हणाले, "भांडान मिटलं ते बघ की. बासुंदीचं काय घिऊन बसलाईस?"

कुठल्या कथेतला माणूस कुठल्या कथेत शिरावा यालाही त्यांच्याकडे धरबंध नाही. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तर ते काढायला राणादा जातो. हेडमास्तरांनी यावर तक्रार केली, तेव्हा आण्णा शांतपणे म्हणाले, "मास्तर, ज्या गावात पाच मशिदींत गणपती बसतोय, त्या गावात ह्यो त्याच्या घरात कसा, आसं इचारायचं न्हाई." मास्तर गप्प बसले. हे मशिदीतले गणपती खरेच आहेत. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली असतात आणि गावाला त्यात नवल वाटत नाही.

हेडमास्तर निवृत्त झाले तरी तपासायची सवय सुटलेली नाही. एकदा पारावर त्यांनी आण्णांना गाठलंच. "आण्णा, हे बरं नव्हे. पात्रं दुसऱ्याची, गोष्ट दुसऱ्याची. स्वतःचं काहीतरी लिहा की."

आण्णांनी पानाला चुना लावला. "मास्तर, मोरोपंत कुठले?"

"बारामतीचे."

"जन्म कुठला?"

"पन्हाळा. 1729."

"म्हंजे आपल्याच जिल्ह्यातला मानूस. त्यांनी रामायनं किती लिवली?"

"एकशे आठ म्हणतात."

"मूळ गोष्ट कुनाची?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. आण्णा थांबणार थोडेच! मोरोपंतांनी एक निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर नाही. प नाही, ब नाही, म नाही. म्हणजे रामाच्या गोष्टीत 'राम' म्हणायची पंचाईत! इतका खटाटोप माणूस कशासाठी करतो? गोष्ट माहीत नाही म्हणून नव्हे. इतकी माहीत आहे, इतकी लाडकी आहे की एकदा सांगून भागत नाही म्हणून.

आण्णांनी लगेच पुढची गाडी काट्यावर घेतली. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, कोल्हापुरात राहिले. 1959 च्या 'ययाति'ला पुढं ज्ञानपीठ मिळालं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा ही सगळी महाभारतातली. "पन ती अलका? महाभारतात हुडकून दावा मला अलका." शिवाजी सावंत आजऱ्याचे. कर्णावर अन्याय झाला हे त्यांच्या मनानं घेतलं आणि 1967 मध्ये 'मृत्युंजय' आली. तीत कर्ण बोलतो, कुंती बोलते, त्याची बायको बोलते, भाऊ बोलतो, दुर्योधन आणि कृष्णही बोलतात. "व्यासांनी मायंदाळ लिवलं हो, पर कर्नाच्या बायकूला कुनी इचारलंच न्हाई. सावंतांनी इचारलं. मी अंजलीबाईस्नी इचारतोय. फरक काय?"

"फरक प्रतिभेचा आहे," मास्तर म्हणाले.

"त्यो हायच," आण्णांनी ताबडतोब कबूल केलं. "म्हून तर खांडेकरांना ज्ञानपीठ आन् मला फुलस्केप."

पुण्यात शिकणारी त्यांची भाची सुट्टीला आली, तेव्हा तिनं मामाच्या बाजूनं जगाची साक्ष काढली. म्हणाली, मामा, याला बाहेर फॅन फिक्शन म्हणतात, लाखो लोक लिहितात. कॉनन डॉयलनं 1893 मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं तर वाचक खवळले. शेवटी 1903 मध्ये त्याला जिवंत करून परत आणावा लागला. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची मालिका होती, तिच्या चाहत्यांनी 1967 मध्ये स्वतः लिहिलेल्या गोष्टींचं नियतकालिक काढलं आणि आपसांत वाटलं. पैसे मिळवायचे म्हणून नव्हे, हौस म्हणून.

आण्णांनी फक्त साल पकडलं. "1967? म्हंजे 'मृत्युंजय'च्याच वर्साला? बघा मास्तर. अमेरिकेला पन तवाच जाग आली."

आता लिहिणं ठीक आहे. पण लिहून लोकांना वाटायचं कशाला? पेटीत ठेवलं तर काय बिघडेल? याचं उत्तर त्या वहीच्या समासात आहे. मी एक वही बघितली आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वाचणाऱ्यांची नावं आणि तारखा, वाचनालयासारख्या. एका पानावर हळदीचं बोट. मिठाईच्या दुकानातून फिरून आलेल्या पानांना खव्याचा वास. आणि समासात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत शेरे: 'अंजलीला जरा बोलू दे.' 'राणा ह्या वेळी जेवला नाही.' 'हे वाचून आमच्या सासूबाई हसल्या.' आणि एका ठिकाणी नुसतंच, 'मग?'

वही परत आली की आण्णा चष्मा पुसून आधी समास वाचतात. स्वतःचा मजकूर त्यांना पाठच असतो. शिवणकाम करणाऱ्या अक्कांनी 'राणा जेवला नाही' असं लिहिलं, तर पुढच्या भागात राणा उठल्या-उठल्या चार भाकऱ्या खातो. टीव्हीला आपण कितीही ओरडून सांगा, राणा उपाशीच राहतो. आण्णांच्या वहीत सांगितलं की ताट वाढलं जातं. अख्ख्या गल्लीला हेच तर हवं होतं.

ऑगस्ट 2019 चा महापूर इकडचा माणूस विसरणार नाही. कुरुंदवाडला पाण्यानं वेढलं. माणसं जनावरं सोडवत होती, दागिने आणि रेशनकार्डं प्लॅस्टिकात गुंडाळत होती. आण्णांनी वह्यांची ट्रंक डोक्यावर घेतली. बायकोनं विचारलं, "आन् तांदूळ?" आण्णा म्हणाले, "तांदूळ सरकार दील."

शाळेत छावणी होती. लाइट नाही, टीव्ही नाही. साडेसात वाजले तशा बायकांची चुळबुळ सुरू झाली. आज राणादाचं काय झालं असेल? घर पाण्यात आहे आणि हिला राणादाचं पडलंय, असं एक-दोन पुरुष कुरकुरले. पण स्वतःच्या घराचं काय झालं असेल याचा विचार सोसत नव्हता म्हणूनच राणादाच्या घराचा चालला होता. आण्णांनी कंदील जवळ ओढला आणि ट्रंक उघडली. रोज साडेसातला एक भाग. मधेच थांबून विचारायचे, "आता काय करू या? जाऊ दे का अंजलीला म्हायेरी?" खोलीभर मतं पडायची. कुरकुरणाऱ्यांतलाच एक जण म्हणाला, "म्हायेरी नगं. पूर हाय."

पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, टीव्ही लागले. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी जो निकाल दिला तो आण्णांना ज्ञानपीठाच्या जागी आहे: "आण्णांचं बरं हुतं."

जानेवारी 2021 मध्ये मालिका संपली. आण्णांची संपली नाही. डिसेंबर 2022 मध्ये हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, म्हणजे राणादा आणि अंजलीबाई यांनी पुण्यात खरोखरचं लग्न केलं, तेव्हा आण्णांनी गल्लीत पेढे वाटले. हा आपल्या वहीचा प्रताप आहे असं ते तोंडानं म्हणाले नाहीत. "लिवत ऱ्हायलं की हुतंय सगळं," एवढंच म्हणाले.

आता आण्णांच्या वहीचा तिसरा नियम सांगायचा राहिला. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कुठलीही गोष्ट असो, पेच अगदी घट्ट बसला की कुठूनतरी एक काटेवाला येतो. साधा सदरा, कानाला पेन्सिल, बोलणं थोडं आणि मोलाचं. राणादाला सल्ला देतो, कर्णाला धीर देतो, संताजी-धनाजींना पंक्तीला बसवणाराही तोच. त्याचं नाव कुठंच दिलेलं नाही. त्याची गरजही नाही.

गेल्या उन्हाळ्यात टेलरकाकांची बारावीतली मुलगी आण्णांची सातवी वही घेऊन गेली आणि परत करताना सोबत एक पातळ वही घेऊन आली. आण्णांची गोष्ट जिथं थांबली होती, तिथून तिनं पुढं लिहिली होती. वर काही जुने प्रसंगही 'नीट करून' घेतले होते. आण्णा आधी चिडले. विचारल्याशिवाय? माझ्या गोष्टीत? हेडमास्तर शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते छापण्यासारखं नाही.

मग आण्णांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. चहा आला, निवला. अंजलीबाई या वहीत भरपूर बोलत होत्या. नंदितावहिनींच्या कारस्थानाला कारण होतं, तेही पटण्यासारखं. दोनदा आण्णा हसले. एकदा त्यांनी नाक ओढलं. शेवटचं पान झालं, तसं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली, काहीतरी हरवल्यासारखी.

"पोरी, लई भारी लिवलंयस. पन ह्यात त्यो काटेवाला कुठं दिसत न्हाई?"

पोरगी ओढणीशी चाळा करत म्हणाली, "आण्णा, त्याची बदली केली."

पारावर कुणी हसलं नाही. आण्णांनी 'बरं' म्हणून वही परत दिली आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेले. मास्तरांना वाटलं, माणूस दुखावला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनरीचं दुकान उघडायच्या आत आण्णा फळीवर बसलेले. नवी कोरी फुलस्केप घेतली, तिथंच कानामागचं पेन काढलं आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत नाव टाकलं: 'बदली रद्द – भाग पहिला'. आणि दुकानदाराला म्हणाले, "संध्याकाळी ही वही आधी टेलरच्या पोरीकडं दे. समासात काय लिवती ते बघायचंय मला."