ध्रुववृत्ताचा सातबारा

फिनलंडात राहणाऱ्या मराठी माणसाकडे जूनमध्ये कुणी फिरकत नाही. जूनमध्ये इथे रात्री अकराला लख्ख उजेड असतो, तळ्यात उतरता येतं, बाजारात स्ट्रॉबेरी आणि शेंगांतले मटार लिटरच्या मापानं मिळतात. पण पाहुण्यांना डिसेंबरच हवा असतो. त्यांना बर्फ बघायचा असतो. तसा बर्फ हेलसिंकीशेजारच्या आमच्या एस्पोतही पडतो. पार्किंगमध्ये काळपट ढीग होऊन पडलेला असतो आणि बघायला पैसे पडत नाहीत. पण तो चालत नाही. लॅपलंडचाच लागतो.

यंदा निफाडच्या बापूकाकांना तो लागला. काका जन्मभर बँकेत शाखाधिकारी होते आणि निवृत्तीनंतर पूर्णवेळ द्राक्षबागाईतदार आहेत. त्यामुळे त्यांचा माणसांवर विश्वास नाही आणि हवामानावर तर नाहीच. सहल ठरवायची म्हणून त्यांनी नवी वही घातली. तिच्यात उभ्या रेघा मारून रकाने पाडले: ठिकाण, अंतर, खर्च आणि खात्री. पहिले तीन मी व्हिडिओ कॉलवर पटापट भरून दिले. चौथ्यावर दोन महिने गेले.

“ते हिरवे दिवे नक्की दिसतात का?”

“दिसू शकतात, काका. सूर्याकडून कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवाकडे वळवतं, शंभरेक किलोमीटर उंचीवर ते हवेवर आदळतात. ऑक्सिजनवर आदळले की हिरवा रंग. पण आभाळ मोकळं हवं.”

“ते शास्त्र झालं. मी खात्री विचारतोय.”

सूर्याचा जोर साधारण ११ वर्षांच्या फेऱ्यानं चढतो-उतरतो, हे सांगितल्यावर त्यांनी जरा मान डोलावली. मुदत ठेवीसारखं काहीतरी हाती लागल्याचा तो आनंद होता. पण कोणत्या तारखेला किती वाजता, याचं उत्तर मला देता येईना. वहीत ‘असमाधानकारक’ असा शेरा पडला.

मग ठिकाणांची छाननी झाली. नॉर्वेतलं ट्रोम्सो काकांनी पहिल्या फटक्यात काढून टाकलं. ते ६९ अंश अक्षांशाच्याही वर आहे, पण समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथे डिसेंबरात पारा शून्याच्या थोडासाच खाली जातो. “एवढं तिकीट काढून जायचं आणि उणे तीन-चार? लोकांना सांगायचं काय?” स्वीडनमधलं आबिस्को त्यांना आवडलं, कारण डोंगर ढगांना अडवतात आणि आभाळ बऱ्याचदा मोकळं राहतं. म्हणजे खात्रीच्या रकान्यात काहीतरी लिहिता येत होतं. पण काकूंनी “तिथे दुकानं आहेत का?” एवढाच प्रश्न विचारला आणि आबिस्को बाद झालं.

युकासयार्वीचं बर्फाचं हॉटेल मीच सुचवलं. १९८९ पासून टोर्न नदीच्या बर्फातून ते दर हिवाळ्यात नव्यानं बांधतात. खोलीत उणे पाच ते उणे आठ तापमान असतं, बर्फाच्या पलंगावर रेनडियरचं कातडं असतं आणि आपण झोपण्याच्या पिशवीत शिरायचं असतं.

“उणे पाचात झोपायचं आणि पैसेही आपणच द्यायचे?” काकू म्हणाल्या.

काकांना पैशाची वेगळीच काळजी होती. “दर वसंतात वितळतं? म्हणजे शंभर टक्के घसारा! यांना कर्ज दिलं कुणी?”

शेवटी रोवानिएमी ठरलं. रात्रीची रेल्वे तिथवर जाते आणि नातवाला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, सांताक्लॉज भेटतो. चिरंजीव इथेच वाढलेले. सांताचं खरं घर रशियाच्या सरहद्दीवर कोर्वातुंतुरी डोंगरात आहे, १९२७ साली रेडिओवरून तसं जाहीर झालंय आणि रोवानिएमीला त्याचं नुसतं ऑफिस आहे, ही माहिती त्यांनी आजोबांना गंभीरपणे दिली. आजोबांना पटली. “बरोबर आहे. हेड ऑफिस आडबाजूला, शाखा हमरस्त्यावर. भेटायला पैसे?”

“भेट फुकट, आजोबा. फोटोचे पैसे.”

“हुशार माणूस आहे,” काका म्हणाले आणि सांताच्या नावापुढे खूण केली.

इथवर काकू गप्प होत्या. एका रविवारी कालनिर्णय हातात घेऊन त्या कॅमेऱ्यापुढे आल्या. आपल्या मुक्कामात संकष्टी येते. कालनिर्णयात गावोगावचे चंद्रोदय आहेत, रोवानिएमीचा नाही. तेव्हा तिथे चंद्रोदय किती वाजता?

मी शोधायला बसलो आणि पंचाईत झाली. इतक्या उत्तरेला डिसेंबरातला सूर्य जेमतेम डोकं वर काढतो. रोवानिएमीला दुपारी दोनेक तास दिसतो, आणि पार वरच्या उत्स्योकीत तर नोव्हेंबरअखेर गेला की जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. चंद्राचं नेमकं उलटं. सूर्य खाली असतो म्हणून पौर्णिमेचा चंद्र आभाळात उंच चढतो आणि ध्रुववृत्ताच्या वर तर पौर्णिमेच्या मागेपुढे काही दिवस मावळतच नाही.

“मावळत नाही, तर उगवणार कुठून?” मी म्हणालो.

काकूंनी यावर विचार केला. चंद्र सारखा समोर असेल, तर उपास कधीही सोडता येतो की धरताच येत नाही? काका म्हणाले, कर्ज घेतल्याघेतल्या फिटल्यासारखं आहे हे, धरूच नको. काकूंनी नाशिकच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींच्या गिऱ्हाइकांत अमेरिका-ऑस्ट्रेलियावाले बरेच असले तरी न मावळणारा चंद्र त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता. “उद्या सांगतो,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही ते “उद्या” म्हणाल्यावर काकूंनी स्वतःच निकाल लावला: नाशिकचा चंद्रोदय धरायचा. नाशिकला रात्री नऊ वाजता उगवला, तर हिवाळ्यात फिनलंडात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. साडेपाचला उपास सुटणार, हे कळल्यावर इतके दिवस उपासच न करणारे काकाही संकष्टी धरायला तयार झाले.

व्हिसाचं काम काकांनी कुणाच्या हाती दिलं नाही. ९० युरो फी, ३०,००० युरोंचा विमा, मुक्कामाची पत्रं, बँकेचे उतारे हे सगळं त्यांनी दोऱ्यानं शिवून पृष्ठांक घालून तयार केलं. परत येण्याचा पुरावा म्हणून द्राक्षबागेचा सातबारा जोडला, इंग्रजी भाषांतरासह, नोटरीच्या शिक्क्यानिशी, हेक्टर-आरसकट. खिडकीवरच्या मुलीनं तो परत दिला. काकांनी पुन्हा आत सरकवला. “बाई, डिसेंबरात बागेत मणी भरत असतात. हा कागद वाचला म्हणजे साहेबांना कळेल की हा माणूस तिकडे राहूच शकत नाही.” व्हिसा मिळाला. सातबाऱ्यामुळेच मिळाला, याबद्दल घरात दुमत नाही.

कपड्यांचा अध्याय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात भांडणं फार आहेत. थंडीत सुती कापड अंगाशी ठेवायचं नसतं. घामानं ते ओलं होतं आणि मग बाहेरच्या थंडीला आतून फितूर होतं. अंगाशी लोकर, मध्ये ऊबदार थर, बाहेर वारा अडवणारा थर. बूट एक नंबर मोठे, म्हणजे बोटांभोवती हवा राहते. हे सारं ऐकून घेऊन काका सुती बनियनवरच आले. “पन्नास वर्षांची सवय आहे, मोडायची नाही.” काकूंनी तूप आणलं नाही (दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे), पण भाजणी एवढी आणली की रेल्वेच्या डब्यात वास तिच्यामुळे आला की गोड्या मसाल्यामुळे, हे ठरेना.

सौना मी कार्यक्रमात घातला होता. ५६ लाखांच्या या देशात सौना ३० लाखांच्या घरात आहेत. त्यात कपडे घालत नाहीत. दुसरं वाक्य ऐकल्यावर काकांनी ती ओळ पट्टी धरून खोडली.

हेलसिंकीहून संध्याकाळी गाडीत बसलो आणि सकाळी रोवानिएमीला उतरलो, तेव्हा पारा उणे चोवीसवर होता. इतक्या थंडीत पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. काकूंनी लगेच नाक पदराखाली घेतलं. काका मात्र स्टेशनबाहेरच्या गाड्यांकडे बघत उभे. प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर निघून खांबावरच्या खोक्यात गेली होती. इंजिन गारठू नये म्हणून इथे उभ्या गाडीला विजेनं ऊब देतात. “बिल कुणाच्या नावावर येतं?” त्यांनी विचारलं.

सांताच्या गावात ध्रुववृत्ताची रेघ आखलेली आहे. एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून सगळे फोटो काढतात. खरं ध्रुववृत्त मात्र पृथ्वीच्या आसाच्या डोलण्यामुळे वर्षाला सुमारे साडेचौदा मीटर उत्तरेला सरकतं आणि रेघ आहे तिथेच आहे. हे मी सांगायला नको होतं. काका रेघेवरून बाजूला झाले. “म्हणजे हद्द चुकीची आहे. मोजणी आणल्याशिवाय फोटो काढायचा नाही.” काकूंनी एकटीनं काढला.

हिरवे दिवेही दिसले, रात्री साडेअकराला, गावाबाहेरच्या तळ्यावर. डोळ्यांना तो राखाडी पट्टा होता. मंद प्रकाशात माणसाच्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. काकू म्हणाल्या, “ढग आहे का?” माझ्या मोबाईलवर हिरवं बघून त्यांना पटलं. काका वर न बघता मोबाईलकडेच बघत राहिले आणि खात्रीच्या रकान्यात त्यांनी ‘अंशतः’ लिहिलं. पाच मिनिटांत थंडीनं बॅटरी बसली आणि दिवे गेल्यात जमा झाले.

शेवटच्या दिवशी रेनडियरवाल्याकडे गेलो. त्याच्याबद्दल मी काकांना एस्पोतच बजावून ठेवलं होतं: इथे कुणाला तुझ्याकडे रेनडियर किती, असं विचारायचं नाही. बँकेत शिल्लक किती, असं विचारल्यासारखं असतं ते.

“बँकेत आम्ही दुसरं काय विचारायचो?” काका म्हणाले होते.

रेनडियरवाला काकांच्याच वयाचा. लाकडी खोपट्यात मध्ये जाळ, त्यावर काळीकुट्ट किटली. मी दुभाष्या. म्हातारा सांगत होता, हल्ली ऐन हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, मग तो बर्फावर गोठतो, खालच्या दगडफुलापर्यंत जनावराचं खूर पोचत नाही आणि विकतचा चारा घालावा लागतो. काका एकदम सावरून बसले. सहलीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी कामाचं बोलत होतं. “याला सांग, आमच्याकडं थंडी पडली की मणी तडकतात. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात.”

म्हाताऱ्यानं विचारलं, किती थंडी?

“पाच.”

“उणे पाच?”

“नाही, अधिक पाच.”

म्हातारा काही बोलला नाही. त्यानं जाळात आणखी एक ओंडका घातला आणि कॉफीचा लाकडी पेला काकांच्या हातात दिला. सहानुभूतीनं दिला की काय, कुणास ठाऊक. तेवढ्यानं काकांची भीड चेपली. “आता विचार. जनावरं किती?”

मी डोळ्यांनी नको म्हणालो. “विचार रे, आम्ही शेतकरी आहोत.” विचारलं. म्हाताऱ्यानं जाळाकडे बघत कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत.

काकांनी हे दोनदा भाषांतर करून घेतलं. मग कर्जाच्या अर्जात उत्पन्नाची जागा कोरी सोडणारे सगळे गिऱ्हाईक एकदम आठवल्यासारखे ते हसले.

आता म्हाताऱ्याची पाळी होती. तुमची बाग केवढी, त्यानं विचारलं. मी भाषांतर केलं आणि आकड्याची वाट बघत बसलो. आर-हेक्टरसकट आकडा परदेशी सरकारच्या दप्तरी नोटरीच्या शिक्क्यानिशी पडलेला होता.

काकांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “विहिरीच्या अलीकडं पण आहे आणि पलीकडं पण आहे.”