नाकाची ड्यूटी

दरवर्षी १२ मेला, म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या वाढदिवसाला, आम्हा सिस्टरांना एक गुलाब आणि एक बॉलपेन मिळतं. गुलाब दुपारपर्यंत टिकतो, पेन राउंडला आलेले डॉक्टर घेऊन जातात. यंदा लिफाफ्यातून निघालं अरोमाथेरपी मसाजचं कूपन. ताण घालवायला वॉर्डात आणखी एक सिस्टर दिली असती तरी चाललं असतं, पण फुकटच्या तेलाला नावं कशाला ठेवा?

नाइट संपवून, हँडओव्हर देऊन तशीच गेले. मंद दिवा, मऊ चादर. (कोपरे नीट दुमडले होते, सवयीने पाहिलंच.) तेल लावणारी मुलगी हळू आवाजात सांगू लागली. गात्फोसे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा हात १९१० साली प्रयोगशाळेत भाजला, जखमेला लॅव्हेंडरचा गुण आला आणि १९३७ साली त्याने यावर पुस्तकच लिहिलं.

"ड्रेसिंग कोणी केलं?" मी डोळे मिटूनच विचारलं. ते तिला ठाऊक नव्हतं. पण पुढे हीच तेलं मालिशात आणली मार्गरीट मोरी यांनी, आणि त्या मूळच्या नर्स, असं ती म्हणाली. तरीच!

मग तिने लॅव्हेंडरची बाटली उघडली आणि मी ताडकन उठून बसले. आमच्या वॉर्डातल्या फरशीच्या फिनाइलचा तोच वास. कुणीतरी काहीतरी सांडलंय, मामांना हाक मारायला हवी! तिने निलगिरी काढली, तर नऊ नंबरच्या आजोबांची वाफ आठवली. दोष तेलाचा नव्हता. डोळे, कान, त्वचा आपापली बातमी घेऊन आधी मेंदूतल्या थॅलॅमसच्या ओपीडीत नंबर लावतात. वास मात्र ओळखीच्या माणसासारखा थेट आठवणींच्या खोलीत घुसतो. विद्यार्थिनींना मीच शिकवते हे.

"साधं काही नाही का गं?"

होतं. सुगंधी तेल नुसतं कधी लावत नाहीत, भरपूर साध्या तेलात मोजके थेंब घालतात. तिचं ते साधं तेल म्हणजे चक्क खोबरेल. कोमट. दिवाळीची पहाट, पाटावर कुडकुडणारी मी, आणि टाळूवर थापा मारत "हलू नको" म्हणणारी आई. पुढचं मला काही आठवत नाही. घोरले, असं ती मुलगी नंतर म्हणाली.

तासाभराने तिने खांद्याला हात लावला. "मॅडम, संपलं."

"कुठल्या बेडचं?" म्हणत मी चपला शोधू लागले.